नेर्लीकर मॅडमची आखूड परीक्षा

नेर्लीकर मॅडम पहिल्यांदा भेटल्या तेव्हा त्यांनी नाव-गाव विचारायच्या आधी माझी चप्पल मागितली. बेळगावातल्या एका मोठ्या दवाखान्याच्या तळमजल्यावर व्यायामाचा हॉल होता, तिथल्या बाकावर मी बसलो होतो. अंगावरून वारं गेल्याला काही महिने झाले होते. घरात काठी घेऊन चालत होतो. उजवा पाय मी सांगेन ते ऐकायचा, पण उशिरा आणि अर्धवट. मॅडमनी उजवी चप्पल उलटी केली, तळावरून अंगठा फिरवला आणि माझ्या बायकोला म्हणाल्या, "बोटांकडनं घासलीया बघा. पाय उचलत न्हाईत हे, ओढत्यात."

"चपलांचं दुकान हाय काय तुमचं?" मी म्हणालो. जीभ तेव्हा जड होती. टोमणा तोंडातून बाहेर पडेपर्यंत त्याची धार गेलेली असायची.

"दुकान न्हाय, पण गिऱ्हाईक वळखते," त्या म्हणाल्या. "शेवटचं कधी भ्यालात, अण्णा?"

हा प्रश्न त्या प्रत्येक नव्या पेशंटला विचारत. बायका लगेच सांगायच्या, काल मोरीत, परवा जिन्यावर. पुरुष मात्र सगळे शूर. मी म्हणालो, मी कुणाला भीत नाही.

"कुणाला न्हाय हो. जमिनीला. जमिनीला भीत न्हाय असा पेशंट आला की मलाच घाम फुटतोय."

मी निपाणीचा, तंबाखूचा व्यापारी. पोरवयात ज्या वखारीत पोती वाहिली, तसल्या दोन वखारी पुढं माझ्या स्वतःच्या झाल्या. त्या मला कुणी वारशानं दिल्या नाहीत. आमच्यात जुनी माणसं अजून रुमालाखाली सौदा करतात. घेणारा आणि विकणारा एकमेकांचा हात धरतात, वरून रुमाल टाकतात आणि बोटं दाबून भाव सांगतात. भोवती उभ्या असलेल्यांना काही कळत नाही. माझ्या बोटांना आजूबाजूची गावं वचकून होती. अंगावरून वारं गेलं त्या सकाळी एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं रुमालाखाली माझी बोटं दाबली. उलट दाबायला गेलो तर माझी बोटं मला सापडेनात. रुमालाखाली काय चाललंय ते मलाच कळेना. त्याला वाटलं, अण्णा अडून बसला. त्यानं भाव उतरवला. मी गप्प. त्यानं अजून उतरवला. "बास की आता अण्णा, मारताय काय गरिबाला," असं तो म्हणाला, आणि मी त्याच्या अंगावर कलंडलो. एवढा सरळ सौदा मला पुन्हा कधी जमला नाही.

त्या दिवसापासून मला जमिनीची भीती बसली. घरातली शहाबादी फरशी मी स्वतः खाणीवर जाऊन, घासाघीस करून आणली होती. सकाळी डोळे उघडले की आधी ती फरशी दिसायची, माझी वाट बघत पसरलेली. पलंगावरून पाय खाली सोडायचा म्हणजे विहिरीत सोडल्यासारखं व्हायचं. मोरीच्या उंबऱ्याशी मी बायकोवर ओरडायचो, बादली इथं का ठेवली म्हणून. बादली नेहमीच्याच जागी असायची. हे मी मॅडमना सांगितलं नव्हतं. त्यांनी ते चपलेवरून ओळखलं असावं, किंवा मी बाकाची कड ज्या तऱ्हेनं धरली होती त्यावरून.

मॅडम ठेंगण्या, अंगानं बारीक. साडीवर पांढरा कोट, पायात कापडी बूट, केसांत अबोलीचा तुकडा. मूळच्या चिकोडीच्या. घरात मराठी आणि कन्नड दोन्ही असल्यानं पेशंट ज्या भाषेत शिव्या देईल त्याच भाषेत त्या त्याच्याशी बोलायच्या. कुणी घाई करायला लागला की "निधान, निधान" म्हणायच्या. सावकाश या अर्थाचा तो कन्नड शब्द त्या हॉलमध्ये दिवसभर ऐकू यायचा. मराठी माणसांना त्या तो मराठीत का सांगत नाहीत असं एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "सावकाश म्हटलं की तुमी लोक थांबताच. निधान म्हटलं की चालत ऱ्हाता."

आणि स्वतः त्या भयंकर भित्र्या होत्या. लिफ्टमध्ये पाऊल टाकत नसत. पालीला भीत, ढगांच्या गडगडाटाला भीत, कुत्र्याला तर इतकं की ऊन-पाऊस काही नसतानाही छत्री हातात असायची. दवाखान्याच्या फाटकाशी एक लंगडी कुत्री बसायची. तिला चुकवण्यासाठी मॅडम मागच्या दारानं यायच्या. त्या कुत्रीचा पाय मोडला तेव्हा फळी लावून बांधला तो याच मॅडमनी, असं तिथला वॉर्डबॉय सांगायचा. बांधताना दोघांनी कुत्रीला धरलं होतं आणि एकानं मॅडमना.

हॉलमध्ये त्यांची उभं राहायची जागा ठरलेली. पेशंट चालायला लागला की त्या त्याच्या मागं, अधू बाजूला, अर्ध्या पावलाच्या अंतरावर. हात लावायच्या नाहीत. पण हात कमरेशी इतका जवळ की शर्टाच्या कापडाला त्याची ऊब जाणवावी. "पडायचं झालं तर माझ्याकडं पडा," एवढं एक वाक्य मागून यायचं. माझं वजन त्यांच्या दुप्पट. मी म्हणालो, "मी पडलो तर तुमची चटणी हुईल."

"मग पडू नका," त्या म्हणाल्या.

आता त्यांच्या परीक्षेबद्दल. अंगावरून वारं गेलेला माणूस स्वतःचा तोल किती सांभाळतो हे बघायची एक ठरलेली परीक्षा असते. आमच्या दवाखान्यात तिच्यात चौदा कामं होती. आधाराशिवाय बसा, खुर्चीवरून उठा, उभे राहा, डोळे मिटून उभे राहा, वळून मागं बघा, जमिनीवरची चप्पल उचला, एका पायापुढं दुसरा पाय ठेवून थांबा, आणि शेवटी एका पायावर. प्रत्येक कामाला गुण. धडधाकट माणसाला हा खेळ वाटेल. आमच्यासारख्याचा त्यात जीव जातो. मधल्या कामापर्यंत येता येता मांडी थरथरायला लागते, आणि सगळ्यात अवघड कामं तर शेवटी ठेवलेली.

मी तिथं जायच्या आधीची एक गोष्ट वॉर्डबॉय रंगवून सांगायचा. जांबोटीकडच्या रानातली गंगाक्का नावाची एक म्हातारी यायची. घरापासून गाडीच्या थांब्यापर्यंत लांबची चाल, मग गाडी, आणि परतीची गाडी चुकली तर मुक्काम. एकदा परीक्षा अर्ध्यावर आल्यावर ती सरळ चटईवर आडवी झाली. म्हणाली, "बाई, म्या नापास. पर माजी गाडी चुकवू नका." मॅडमनी गुण मांडले. त्या गुणांप्रमाणे म्हातारीला धरल्याशिवाय उभं करणंसुद्धा धोक्याचं होतं. थोड्या वेळानं मॅडमनी खिडकीतून बाहेर बघितलं, तर गंगाक्का डोक्यावर गाठोडं घेऊन अंगण ओलांडून गाडीकडं चालली होती. आपण तिचा तोल मोजला नाही, तिचा थकवा मोजला, असं मॅडम त्या दिवशी म्हणाल्या म्हणे.

तेव्हापासून त्या परीक्षा आखूड करायला लागल्या. बसून राहणं जवळजवळ सगळ्यांनाच जमतं, त्यातून काही कळत नाही, ते काढलं. काही कामं अशी की एक जमलं की दुसरं जमतंच. त्यातलं एक ठेवलं. असं करत चौदाची चार केली. आणि सुरुवात मधल्या कामापासून. ते जमलं तर वरचं द्यायचं, नाही जमलं तर खालचं. हे मला पहिल्याच दिवशी पटलं होतं. सौद्यात मीसुद्धा तळाचा भाव कधी बोलत नाही. मधला बोलतो आणि समोरच्याच्या तोंडाकडं बघतो.

त्यांच्या विभागाच्या मोठ्या डॉक्टरांना ते पटलं नव्हतं. माणूस चांगला, रागीट नाही. एकदा मी हॉलमधल्या आधाराच्या सळईला धरून उभा असताना दोघांचं बोलणं माझ्या कानावर आलं. डॉक्टर म्हणाले, "मॅडम, वेळ वाचतो हे मान्य. माणसं दमत नाहीत हेही मान्य. पण चार कामांत जे दिसलं नाही, ते पाचव्यात दिसलं असतं तर? तो माणूस घरी जाऊन पडला तर?"

"तीच भीती मला बी हाय, सर," मॅडम म्हणाल्या. "रोज असती."

ती भीती खरी झालेली मी बघितली. उचगावचे एक निवृत्त मास्तर आमच्याबरोबर येत. नीटनेटके, हसरे. मॅडमच्या चार कामांत ते छान उतरले. घरी एकट्यानं फिरायला हरकत नाही असं ठरलं. थोड्याच दिवसांत अंगणात पडलेला पेपर उचलायला वाकले आणि तसेच पुढं कोसळले. खुबा मोडला. ही बातमी आली तेव्हा मॅडम माझ्या मागं उभ्या होत्या. माझ्या शर्टाजवळचा हात निघून गेला, हे मला पाठीनं कळलं. मीही घाबरून जागच्या जागी थांबलो. वळून बघायची माझी हिंमत झाली नाही. वळताना पडलो असतो.

त्या संध्याकाळी त्या उचगावला गेल्या. मास्तर खाटेवरून त्यांना म्हणाले, "तुमची चूक न्हाय बाई. पेपरवाल्याची हाय. दाराच्या आत टाक म्हणून कितींदा सांगितलं त्याला." मॅडम हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून हॉलच्या मधोमध एक रबरी चप्पल पडलेली असायची, आणि वाकून ती उचलल्याशिवाय कुणी सुटायचं नाही. चाराची पाच झाली. वॉर्डबॉय चप्पल जागेवर ठेवायला गेला की त्या ओरडायच्या, "राहू दे रं तिथं. ती माझी मास्तरीण हाय."

आता माझी गोष्ट. हंगाम तोंडावर आला होता. गावागावांतून माल यायला लागला की वखारीत मालकानं पायावर उभं असावं लागतं. ढिगाढिगातून फिरावं लागतं, पान हातात घेऊन चुरावं लागतं, वास घ्यावा लागतो, आणि शेतकऱ्याच्या शेजारी उभं राहून रुमालाखाली हात घालावा लागतो. खुर्चीवर बसलेल्या माणसाबरोबर कुणी तसा सौदा करत नाही. डावा हात मी त्यासाठी तयार केला होता. राहता राहिला तोल. धाकटा भाऊ बाळू आणि बायको दोघांनी एकी केली होती की, दवाखान्यातून होकार आल्याशिवाय वखारीत एकट्यानं जायचं नाही. बाळू चांगला आहे. पण चांगली माणसं एकदा गादीवर बसली की त्यांना उठवणं अवघड जातं.

मॅडमनी माझी पाच कामं घेतली. चप्पल उचलली. एका पायापुढं दुसरा पाय ठेवून उभं राहताना डुललो. उभ्या उभ्या वळून मागं बघताना डोळ्यांपुढं भिंत सरकली आणि मी सळई धरली.

"आत्ता न्हाय, अण्णा," त्या म्हणाल्या. "यंदाचा हंगाम बाळू बघंल."

"चौदातली पाच करून मला नापास करता? बाकीची नऊ कुठं गेली?"

"बाकीच्यांत काय निघणार न्हाय."

"ते मला ठरवू दे. आख्खी घ्या."

"तुमी ढीग घेताना आख्खा उपसता काय हो? एक मूठ काढता, वास घेता, भाव बोलता."

"ढिगाला धाकटा भाऊ नसतोय, मॅडम."

त्या वाकून चप्पल पुन्हा मधोमध ठेवायला लागल्या. मला वाटलं, सौदा माझ्या बाजूनं झाला.

घरी येऊन मी चौदाच्या चौदा कामांचा सराव सुरू केला. बायको समोर उभी राहून एकेक सांगायची, मी करायचो. तंबाखू विकणारा पोत्याच्या तोंडाशी चांगली पानं लावतो आणि हलका माल खाली ढकलतो. घेणारा हुशार असेल तर कोपरापर्यंत हात घालतो. मी माझं पोतं तसंच भरलं, आणि त्याचं मला आजही काही वाटत नाही. माल विकायचा असेल तर तोंड बरं ठेवावंच लागतं. परत गेलो तेव्हा डॉक्टरांपुढं मी पूर्ण परीक्षा मागितली. कुठलं काम कशानंतर येतं हे मला पाठ होतं. मॅडम तोंड उघडायच्या आत माझा पाय जागेवर जायचा. गुण भरपूर पडले. डॉक्टर खूश झाले आणि त्यांनी होकार दिला.

मॅडम मला दारापर्यंत पोचवायला आल्या. "पाठ करून आलतासा," म्हणाल्या.

"परीक्षा पाठ करूनच देत्यात."

"व्हय. पण वखारीत कोण काय विचारणार, ते कुणाला ठावं असतंय?"

मी वखारीत जायला लागलो. ते दिवस चांगले गेले असं लोकांना वाटलं असेल. मला प्रत्येक सुतळी साप दिसायची. सांडलेल्या तंबाखूवरून पाय सरकेल म्हणून मी भिंतीच्या कडेनं चालायचो आणि मालाची बारकाईनं पाहणी चाललीय असं दाखवायचो. मागून कुणी बोललं तर ऐकू न आल्यासारखं करायचो. माणसं म्हणायची, अण्णाला आता गर्व झाला.

एका रविवारी वखारीपुढच्या ओट्यावर गर्दी होती. ओटा कमरेएवढा उंच. खाली अंगणात माल पसरलेला, शेतकरी बसलेले, बाळू वजनकाट्यापाशी. मी ओट्याच्या कडेला उभा राहून एका शेतकऱ्याशी भावाचं बोलत होतो. तेवढ्यात मागून हाक आली.

"अण्णा!"

बाईचा आवाज, चिरका. मी झटकन वळलो. भिंत सरकली, अंगण वर आलं, आणि हातांत काही नव्हतं. पडायला किती कमी वेळ लागतो, आणि भ्यायला त्या वेळात किती जागा असते, ते मी सांगू शकत नाही. मी खालच्या ढिगावर पडलो. खांदा निखळला, तोंडात, नाकात तंबाखू गेली. शिंकेनं जीव गुदमरला. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मग कुणीतरी म्हणालं, "उचला रं अण्णांना." चौघांनी मला उचललं. पोतं कसं उचलतात ते मला चांगलं ठाऊक आहे. त्यांनी मला तसंच उचललं.

ओट्यावर मॅडम उभ्या होत्या. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात पिशवी. आईला भेटायला चिकोडीला निघाल्या होत्या, आधी वाकडी वाट करून मला बघायला निपाणीला आल्या होत्या. त्या खाली बसल्या आणि पाणी मागायला लागल्या. तिथं पडलो होतो मी, आणि पाणी त्यांना.

"झालं समाधान?" मी ओरडलो. "सगळ्या गावापुढं माप काढलंत न्हवं माझं?"

"माप न्हवतं ओ," त्या म्हणाल्या. "तुमच्या मागनं हमाल आलता. डोक्यावर पोतं, त्याला खालचं दिसत न्हवतं. धक्का बसणार म्हणून मी भ्याले. तोंडातनं हाक निघून गेली."

मी विश्वास ठेवला नाही. सांगून-सवरून वळायला लावणं आणि न सांगता मागून हाक मारणं, यातला फरक त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होता. चौदात नसलेलं काम त्यांनी भर बाजारात माझ्याकडून करून घेतलं, असंच मी धरून चाललो. वखारीत हमाल त्या वेळी तिथं होता की नव्हता, यावर आजही दोन मतं आहेत. पडलो ते खरं होतं, त्यांनी पहिल्यांदा सांगितलं तेही खरं होतं. म्हणून राग जातो असं थोडंच आहे? तेच माप त्यांनी घरात, दार लावून काढलं असतं तर मी मान्य केलं असतं. त्या दिवसानंतर रुमालाखाली हात घालायला माणसं बाळूकडं जायला लागली. मला खुर्ची आणून द्यायची, चहा विचारायची आणि तिकडं जायची.

खांदा बरा होईपर्यंत मॅडमचे निरोप येत होते. बायकोशी फोनवर बोलायच्या. मी फोन घेतला नाही.

पुढचा हंगाम जवळ आला तेव्हा मी पुन्हा बेळगावला गेलो, ते सौदा करायलाच. मनात सगळं जुळवून ठेवलं होतं. यंदा एकट्यानं जायची परवानगी पाहिजे. नाही म्हणाल्या तर ओट्यावरची गोष्ट डॉक्टरांपुढं काढायची, म्हणजे त्या नरमतील. बाळूनं गाडी चालवत आणलं. त्याला मी बाहेर थांबवलं आणि बाकावर बसलो.

समोर एका आडदांड माणसाची पाळी चालली होती. खानापूरकडचा ट्रक ड्रायव्हर, मानेची रुंदी माझ्या मांडीएवढी. तो माझ्याकडं तोंड करून चालत होता आणि त्याच्या मागं, अर्ध्या पावलावर, मॅडम. बऱ्याच महिन्यांत मी त्या हॉलमध्ये कितीतरी चाललो होतो, पण पाळी कधी समोर बसून बघितली नव्हती. इतरांची पाळी चालू असताना मी भिंतीकडं बघायचो. दुसऱ्याला डुलताना बघितलं की माझा हात बाकाची कड शोधायचा.

ड्रायव्हर ऐटीत होता. "बघा मॅडम, स्टेअरिंग द्या, आत्ता मुंबैला जाऊन येतो," म्हणाला.

"आधी दारापातूर जाऊन या," मागून आवाज आला. शांत, जरा चेष्टेचा. तोच आवाज मी पाठीशी ऐकत आलो होतो.

पण तोंड वेगळं होतं. त्या आवाजामागचं तोंड मी पहिल्यांदा बघत होतो. डोळे त्याच्या टाचांवर, ताणलेले. ओठ पांढरे पडलेले. त्याचा पाय उचलला की यांचा श्वास थांबायचा, पाय टेकला की सुटायचा. तो जरा डावीकडं झुकला, आणि मॅडमचं तोंड उघडलं. हाक गळ्यापर्यंत आलेली मला दिसली. त्यांनी ती दातांत धरली. दोन्ही हात त्याच्या पाठीमागं तयार झाले. तो सावरला. त्याला काही कळलं नाही. "निधान," आवाज आला, तसाच शांत. बाईंचं कपाळ घामानं चमकत होतं.

दिवसभर, प्रत्येक माणसामागं ही बाई असं तोंड करून चालते. हे काही कुणाचं माप काढणाऱ्याचं तोंड नव्हतं.

ड्रायव्हर बसला. मॅडमनी पदरानं कपाळ पुसलं, वळल्या आणि मला बघितलं.

"या, अण्णा," त्या म्हणाल्या. "खांदा कसा हाय?"

"हाय."

"आज भांडायला आलाय न्हवं?"

"व्हय."

"मग आधी भांडू, मग चालू. का आधी चालायचं?"

जे बोलायचं ठरवून आलो होतो ते सगळं तोंडापाशी होतं. ओटा, हमाल, चार माणसांनी उचलणं. तो हिशेब मी सोडलेला नाही आणि सोडणारही नाही. पण मी काठी टेकून उठलो आणि दाराकडं बघून म्हणालो, "बाळू बाहेर हाय. त्याला आत बोलवा."

"कशाला?"

"हंगामात माझ्या मागं कुठं उभं राहायचं, ते त्याला दाखवा."

मॅडमनी दाराशी जाऊन त्याला हाक मारली. बाळू बिचकत आत आला, हातातली गाडीची किल्ली कुठं ठेवावी ते त्याला कळेना. त्यांनी त्याला दंडाला धरून माझ्या उजव्या बाजूला नेलं. दोघंही माझ्या नजरेआड गेले.

"हितं. न्हाय, एवढ्या लांब न्हाय. अर्धं पाऊल. आता हात पुढं करा."

"धरू काय त्यास्नी?"

"धरायचं न्हाय. शर्टाला बी लावायचा न्हाय. नुसता तिथं ठेवायचा."

"हात भरून यील की ओ मॅडम, हंगामभर."

"यील की. माझा रोज येतोय. चला, अण्णा. निधान."

मी डावा पाय टाकला, मग उजवा. मागं दोन जणांच्या पावलांचा आवाज होता, आणि मी वळून बघितलं नाही.